आगंतुकाची इजा आणि मालकाची जबाबदारी



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नाही आणि वकीलही नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली झाले. कायद्याची पुस्तके मी वाचली ती आवडीने नव्हे, अडल्यामुळे. त्यामुळे आजचे माझे बोलणे आपण व्याख्यान म्हणून ऐकण्यापेक्षा एका चुकीची कबुली म्हणून ऐकावे, एवढी सुरुवातीलाच विनंती करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातला एक कारखाना बंद पडला. फाटकाला कुलूप लागले, यंत्रे हलवली गेली, दोन पहारेकरी तेवढे मागे राहिले. मागच्या बाजूची भिंत एका पावसाळ्यात ढासळली, ती कोणी पुन्हा बांधली नाही. शेजारच्या वस्तीतली मुले त्या भगदाडातून आत जाऊन मोकळ्या पटांगणात क्रिकेट खेळू लागली. पटांगणाच्या कडेला जमिनीखाली पाण्याची टाकी होती. तिचे लोखंडी झाकण कोणीतरी काढून भंगारात विकले होते. भोवती गवत माजले होते. चेंडू आणायला धावलेला नऊ वर्षांचा एक मुलगा त्या टाकीत पडला आणि बुडून मेला.

त्याचे वडील आमचे सभासद. आम्ही चौघे मालकाच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारले, "मुलाला आत बोलावलं कोणी होतं? भिंतीवर पाटी आहे." पाटी खरोखरच होती: 'परवानगीशिवाय आत येण्यास मनाई आहे.' मी तोवर कामगारांच्या नुकसानभरपाईचे पुष्कळ दावे लढवले होते. पण तो मुलगा कामगार नव्हता. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपत्रकावर नव्हते. मी त्याच्या आईला सांगितले, "वहिनी, पोरगं परक्या जागेत शिरलं होतं. केस उभी राहायची नाही."

त्या माउलीने मला विचारले, "भाऊ, पोरगं आत गेलं, चुकलंच त्याचं. पण त्या टाकीवर झाकण का नव्हतं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला मला तीन वर्षे लागली. आज ते आपल्यापुढे मांडतो.

प्रश्न असा आहे. जागा माझी. मी कोणाला बोलावले नाही. तरीही कोणी आत शिरला आणि माझ्या हयगयीमुळे जायबंदी झाला, तर मी त्याचे काही देणे लागतो काय? आपल्यापैकी अनेकांच्या मनात चटकन 'नाही' असेच उत्तर येईल. ते माझ्याही मनात होते. कायद्यानेही शंभर-सव्वाशे वर्षे जवळजवळ तेच उत्तर दिले. ते का बदलले, हे समजण्यासाठी थोडे मागे आणि थोडे दूर, म्हणजे इंग्लंडात, जावे लागेल. कारण हयगयीच्या भरपाईचा आपला कायदा बहुतांशी तिथूनच आलेला आहे.

इंग्लंडातले जमीनदार एके काळी आपल्या रानात आणि बागेत स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुका लपवून ठेवीत. जमिनीलगत तार ताणलेली असे. तारेला पाय लागला की बंदूक आपोआप उडे. बंदुकीला चोर आणि वाटसरू यांतला फरक कळत नाही. 1820 साली अशाच एका बंदुकीने जखमी झालेल्या माणसाचा दावा न्यायालयाने फेटाळला. या रानात बंदुका लावल्या आहेत हे त्याला माहीत होते, तरी तो आत गेला, हे त्याचे कारण. पुढे 1825 साली ब्रिस्टलजवळ एका माणसाने आपल्या ट्यूलिपच्या फुलांच्या बागेत बंदूक लावली आणि कोणाला कळू दिले नाही. शेजाऱ्याची एक लांडोर उडून त्या बागेत गेली. नोकराची फजिती पाहून एकोणीस वर्षांचा एक तरुण तिला धरून देण्यासाठी भिंतीवरून आत उतरला आणि गुडघ्याला गोळी लागून कायमचा अधू झाला. 1828 साली निकाल लागला तो या तरुणाच्या बाजूने. मधल्या काळात, 1827 साली, पार्लमेंटने अशा बंदुका लावणे हाच गुन्हा ठरवला. रात्रीच्या वेळी राहत्या घराच्या रक्षणापुरती तेवढी सूट ठेवली.

येथे पहिली मर्यादा ठरली. परक्या जागेत शिरणे ही चूक असेल, पण त्या चुकीची शिक्षा गोळी नव्हे. मालकाने आत शिरणाऱ्यासाठी मुद्दाम सापळा लावता कामा नये.

आता सापळा लावणे ही एक गोष्ट झाली आणि उघडी टाकी तशीच पडू देणे ही दुसरी. पहिलीत मालकाचा हेतू दिसतो. दुसरीत हेतू नसतो, हयगय असते. आमच्या वहिनींचा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीचा होता आणि तिथे जुना कायदा फार कठोर होता. त्याने येणाऱ्या माणसांच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. मालकाच्या कामासाठी आलेला, जसे दुकानातले गिऱ्हाईक, तो वरच्या पायरीवर. मालकाने नुसती येण्याची मुभा दिलेला मधल्या पायरीवर. आणि न विचारता शिरलेला, ज्याला इंग्रजीत ट्रेसपासर म्हणतात, तो सर्वांत खाली. वरच्या दोघांसाठी मालकाने कमीअधिक काळजी घ्यायची. तिसऱ्यासाठी जवळजवळ काहीच नाही.

या नियमाचे टोक 1929 सालच्या एका खटल्यात दिसले. स्कॉटलंडमध्ये एका कोळसा कंपनीच्या शेतात ओझी ओढण्याचे एक यंत्र होते. तारेचा दोर आणि मोठे चाक अशी त्याची रचना. शेताला कुंपण होते, पण त्यात ठिकठिकाणी वाटा पडल्या होत्या. मुले तेथे खेळतात हे कंपनीला ठाऊक होते. कंपनीची माणसे त्यांना अधूनमधून हुसकून लावीत. एके दिवशी चाक सुरू झाले आणि चार वर्षांचा एक मुलगा त्यात सापडून मेला. स्कॉटलंडच्या न्यायालयांनी वडिलांना भरपाई दिली. कंपनीने लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत अपील नेले आणि लॉर्डांनी निकाल फिरवला. मुलगा अनधिकाराने शिरला होता, त्याला मुद्दाम इजा केलेली नाही, आणि तो समोर असल्याची जाणीव असूनही बेपर्वाईने काही केले असेही नाही. म्हणून कंपनीची जबाबदारी नाही, असे ठरले. चार वर्षांच्या मुलाला आणि घरफोड्याला एकच माप लावले गेले.

मी हा निकाल वाचला तेव्हा मला वाटले, आमच्या त्या साहेबांनी हाच वाचलेला असणार. पण कायदा तेथे थांबला नव्हता. आणि त्यातले एक पाऊल आपल्याच देशात पडले होते.

बिहारमधली गोष्ट आहे, 1959 सालच्या जुलै महिन्यातली. एका घराच्या संडासाची भिंत पडली, आडोसा गेला. त्या घरातली माणसे लाजेकाजेस्तव शेजाऱ्याच्या संडासात जाऊ लागली. शेजाऱ्याला ते खपेना. त्याने तोंडी मनाई केली, ती कोणी मानली नाही. तेव्हा त्याने संडासाच्या वाटेवर तांब्याची उघडी तार आडवी बांधली आणि तिच्यात घरातली वीज सोडली. तारेत वीज आहे हे कोणालाही सांगितले नाही. एक स्त्री आत जाताना कशीबशी वाचली. बाहेर येताना तिचा हात तारेला लागला आणि ती मेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपीचा बचाव हाच की जागा माझी, मला मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे आणि ती बाई अनधिकाराने आली होती. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या नावाने प्रसिद्ध असलेल्या 1963 सालच्या निकालात न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि हयगयीने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम केली. न्यायालयाने सांगितले त्याचा भावार्थ असा, की अनधिकाराने शिरलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. कोणीही यावे आणि मारावे असा तो लांडगा होत नाही.

श्रोतेहो, हा खटला मला फार जवळचा वाटतो. ती स्त्री चोरी करायला गेली नव्हती. पडलेल्या भिंतीने तिला तिथे नेले होते. परक्या जागेत शिरणारी माणसे बहुधा अशीच असतात. कोणाला आडोसा हवा असतो, कोणाला पाणी, कोणाला शाळेचा जवळचा रस्ता आणि कोणाला चेंडू. आपला फौजदारी कायदाही प्रवेशाला गुन्हा म्हणण्यापूर्वी हेतू विचारतो. गुन्हा करण्याचा, किंवा धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू असला पाहिजे. चेंडूमागे धावणाऱ्या मुलाचा असला कोणता हेतू?

मात्र बिहारचा खटला सापळ्याचा होता. हयगयीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते 1972 साली, पुन्हा लंडनमध्ये. 1965 च्या जूनमध्ये लंडनच्या दक्षिणेस मिचम येथे सहा वर्षांचा एक मुलगा कुरणात खेळत होता. कुरणाला लागून विजेच्या रेल्वेचा मार्ग होता. मध्ये जाळीचे कुंपण होते. एका जागी ते पायांनी तुडवले जाऊन जेमतेम वीतभर उंचीचे राहिले होते, कारण लोक तेथून रूळ ओलांडून जात. मुलगा त्यावरून पलीकडे गेला, विजेच्या रुळाला चिकटला आणि भयंकर भाजला. खटल्यात एक गोष्ट पुढे आली. मुले रुळावर दिसतात, ही खबर काही आठवडे आधी स्टेशनमास्तरांना मिळालेली होती. कुंपण मात्र कोणी दुरुस्त केले नाही.

रेल्वेने 1929 चा निकाल पुढे केला. लॉर्डांनी तो मानला नाही. त्यांनी जे तत्त्व सांगितले त्याला 'साधी माणुसकी' हे नाव पडले. मालकाने न बोलावलेल्या माणसासाठी पाहुण्याइतकी काळजी घ्यावी असे नव्हे. पण आपल्या जागेत जीवघेणा धोका आहे, तेथे माणसे, विशेषतः मुले, येण्याचा मोठा संभव आहे, आणि थोड्या खर्चात तो टाळता येतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने हात बांधून बसणे कायदा चालवून घेणार नाही. मालकाची ऐपतही यात पाहायची. रेल्वेला कुंपणाचा एक तुकडा दुरुस्त करणे अवघड नव्हते.

स्कॉटलंडने तर 1960 सालीच स्वतंत्र कायदा करून जुन्या पायऱ्या मोडल्या होत्या. इंग्लंड आणि वेल्ससाठी 1984 साली कायदा झाला. त्याचे सार तीन प्रश्नांत सांगता येते आणि ते तीन प्रश्न आपण घरी जाताना बरोबर न्यावेत, अशी माझी इच्छा आहे. पहिला, धोका आहे हे मालकाला ठाऊक होते काय, किंवा ठाऊक असायला हवे होते काय? दुसरा, त्या धोक्याजवळ कोणी येईल याची त्याला कल्पना होती काय, किंवा असायला हवी होती काय? तिसरा, सर्व परिस्थिती पाहता त्या धोक्यापासून संरक्षण देण्याची अपेक्षा त्याच्याकडून रास्तपणे करता येते काय? तिन्हींचे उत्तर 'होय' आले, तर 'तुला बोलावले कोणी?' हा प्रश्न ढाल म्हणून चालत नाही.

आता मालकाची बाजू. ती ऐकल्याशिवाय निकाल देणे हे युनियनच्या माणसालाही शोभत नाही. आज सभेला बसलेल्यांत घरमालक आहेत, शेतकरी आहेत, लहान कारखानदारही आहेत. ते म्हणतील, उद्या कोणीही माझ्या आवारात येऊन पाय मोडून घेईल आणि माझ्यावर दावा लावील. ही भीती खोटी नाही, पण कायद्याने तिचाही विचार केला आहे. इंग्लंडातल्या चेशायर परगण्यात एका सार्वजनिक उद्यानात तलाव होता. पोहण्यास मनाई असल्याच्या पाट्या होत्या, रखवालदार लोकांना हटकत होते. 1995 साली अठरा वर्षांच्या एका तरुणाने उथळ पाण्यात सूर मारला, डोके तळाला आपटले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. फार मोठे दुःख. तरीही 2003 साली लॉर्डांनी त्याचा दावा नाकारला. पाण्यात छुपा धोका नव्हता. उथळ पाण्यात सूर मारण्याचा धोका जाणत्या माणसाला उघड दिसतो, आणि तो त्याने आपण होऊन पत्करला. एकासाठी सगळा किनारा बंद करावा असे कायदा म्हणत नाही.

दोन्ही खटले शेजारी ठेवले म्हणजे भेद कळतो. तलाव सर्वांना दिसत होता. रुळातली वीज सहा वर्षांच्या मुलाला दिसत नव्हती. तरुण जाणता होता. मूल जाणते नव्हते. तिथे इशारा देणारी माणसे होती. इथे खबर मिळूनही कोणी हलले नाही. पाटीची किंमतही येथेच कळते. ज्याला वाचता येते आणि वाचून कळते त्याच्यासाठी पाटी इशारा होऊ शकते. पण 'आत येण्यास मनाई' एवढे लिहिणे म्हणजे 'आत उघडी टाकी आहे' असे सांगणे नव्हे. पहिली पाटी मालकाचा हक्क सांगते, दुसरी धोका सांगते.

आपल्याकडे काय आहे? जागेच्या मालकाने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी किती काळजी घ्यावी हे सांगणारा इंग्लंडसारखा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. हयगयीच्या भरपाईचे नियम न्यायालयांच्या निकालांतून आलेले आहेत. इंग्लंडचे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण मार्गदर्शक म्हणून ते पाहिले जातात. मृत्यू घडला असेल तर 1855 सालच्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली आईबाप, पती वा पत्नी आणि मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा लावता येतो. फौजदारी बाजूने, हयगयीने मृत्यू घडवण्याचा गुन्हा जुन्या दंड संहितेत 304-अ कलमात होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 106 कलमात आहे आणि शिक्षेची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. सोडून दिलेल्या कूपनलिकांत मुले पडू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली आदेश दिले. कूपनलिका खोदताना भोवती काटेरी तारेचे कुंपण हवे, पाटी हवी, तोंडावर झाकण हवे, आणि निकामी झालेली कूपनलिका माती, वाळू, दगड यांनी भरून टाकली पाहिजे. मूल तेथे कोणाच्या परवानगीने गेले, हा प्रश्न त्या आदेशात आडवा येत नाही.

शेतकरी बांधवांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. रानडुकरे पीक फस्त करतात, रात्रभर जागून राखण करावी लागते, हे मी जाणतो. पण खांबावरची वीज सरळ तारेत सोडून शेताला घालणे म्हणजे बिहारच्या त्या संडासाची तारच होय. झटका मशीन वेगळे. त्यातून क्षणाक्षणाने बेताचा झटका बसतो. सरळ विजेची तार मात्र माणूस धरून ठेवते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला येते, पिकाला पाणी द्यायला शेजारचा गडी अंधारात बांधावरून येतो. तार डुकरासाठी होती असे त्याच्या घरच्यांना सांगून काय उपयोग?

आता माझी कबुली पुरी करतो. ही सगळी माहिती हाती आल्यावर मी त्या कारखान्याच्या पहारेकऱ्याकडे गेलो. तोही आमचाच सभासद. त्याने मला पहाऱ्याची जुनी वही दाखवली. तीत त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात अपघाताच्या आधीच्या महिन्यात दोनदा नोंद होती: 'पोरे आत येतात. टाकीला झाकण नाही. साहेबांना सांगितले.' मिचमच्या स्टेशनमास्तरांना मिळालेली ती खबर, आणि ही आमची वही! धोका ठाऊक होता, मुले येतात हे ठाऊक होते, आणि एका झाकणाची किंमत त्या मालकाला जड नव्हती. तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या वहीच्या दोन ओळींत होती.

मी धावत वकिलांकडे गेलो. त्यांनी वही पाहिली, तारीख पाहिली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. अशा मृत्यूच्या भरपाईचा दावा मुदतीच्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. तीन वर्षे उलटली होती. दावा जिंकलाच असता असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण तो उभा राहिला असता, मालकाला वहीतल्या नोंदीचे उत्तर द्यावे लागले असते. ते मी होऊ दिले नाही, कारण मालकाच्या साहेबांचा प्रश्न मला वहिनींच्या प्रश्नापेक्षा अधिक कायदेशीर वाटला. मी वहिनींकडे जाऊन हे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "आता तरी झाकण बसवलं का?" बसवले नव्हते. आम्ही दहाजणांनी मिळून दुसऱ्याच दिवशी एक फरशी नेऊन त्या टाकीवर टाकली. न विचारता आत शिरलो, हे खरे.

तेव्हा आपल्या वस्तीजवळ पडकी भिंत, उघडी विहीर, खाणीचा खड्डा, बंद कारखाना असेल तर तोंडी बोलून थांबू नका. धोका कोठे आहे आणि मुले कोठून जातात, हे मालकाला लेखी कळवा, तारीख घाला, पोच घ्या, आणि एक प्रत नगरपालिकेला द्या. त्या कागदानंतर 'मला ठाऊक नव्हते' असे मालकाला म्हणता येणार नाही. बहुतेक मालक कागद हाती पडताच झाकण बसवतात, असा माझा अनुभव आहे. आणि दाव्यापेक्षा झाकण केव्हाही बरे. तरीही दुर्दैवाने काही घडलेच, तर माझ्यासारख्या अर्धवट माहितीच्या माणसाच्या शब्दावर थांबू नका. दोन वर्षे फार लवकर जातात.

मालकीचा हक्क मी नाकारीत नाही. आम्ही कामगारही चार भिंतींचे घर व्हावे म्हणूनच राबतो. पण भिंतीच्या आत काय उघडे पडले आहे हे पाहण्याचे काम भिंतीच्या मालकाचेच आहे, आणि भिंत पडली असेल तर ते दुप्पट आहे.